तीन वाजून चार मिनिटांचा निरोप

एकेचाळीस वर्षांच्या बाईला भिंगरी म्हणावं हे तसं शोभत नाही. पण नाव आईने ठेवलेलं. एकदा ऑफिसात फोन स्पीकरवर असताना आईने सगळ्यांदेखत विचारलं, "अगं भिंगरे, जेवलीस का?" तेव्हापासून अख्खा चौथा मजला तिला भिंगरीच म्हणायला लागला. दोन दिवस ती चिडली, मग तिने नाद सोडला.

चौथ्या मजल्यावर सात डेव्हलपर बसायचे आणि ती त्यांची प्रमुख. त्यांचं काम म्हणजे हॉस्पिटलातून नातेवाइकांच्या फोनवर निरोप पाठवणारी यंत्रणा. पेशंटला खालच्या वॉर्डात हलवलंय, येताना कपडे आणा, पुढची तपासणी गुरुवारी आहे, असले साधे निरोप. आणि एक लाल निरोप: ताबडतोब या. वॉर्डातल्या सिस्टरने आपल्या स्क्रीनवरचं एक बटण दाबायचं, बस. गावातली तिन्ही मोठी हॉस्पिटलं या यंत्रणेवर चालत होती.

ही नोकरी भिंगरीने उगाच धरली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिचे बाबा गेले तेव्हा ती आणि आई हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसल्या होत्या. वर बाबांचा श्वास संपत होता आणि खाली या मायलेकी चहात साखर फार झाली म्हणून कुरकुरत होत्या. खाली येऊन सांगायला कुणाला सवड झाली नाही. आई रडली, सावरली, पण तो चहा तिने मनाला लावून घेतला. पुढे चहा प्यायचंच सोडलं. आणि वर्षातून एकदोनदा, काही विषय नसताना, ती म्हणायची, "माझ्या वेळी असं करू नकोस गं. मला एकटीला नाही जायचं. तू हात धरून बस, मग जाईन मी." भिंगरी म्हणायची, "आई, काहीतरीच काय बोलतेस," आणि विषय बदलायची. पण मनातल्या मनात तिने शब्द देऊन टाकला होता, आणि आईलाही ते ठाऊक होतं.

आता त्यांच्या कामाची तऱ्हा सांगायला हवी, कारण घात झाला तो तिथेच.

चार वर्षांपूर्वी कंपनीच्या साहेबांनी अजाइल आणलं. म्हणजे काय, तर वर्षभराचं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, दोन-दोन आठवड्यांचे घास करायचे. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बोलायचं. आणि दर दुसऱ्या शुक्रवारी दुपारी तीनला, जे तयार झालं ते सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. भिंतीवर मोठा फळा, त्यावर रंगीत चिठ्ठ्या. डावीकडे 'करायचंय', मध्ये 'चालू आहे', उजवीकडे 'झालं'. चिठ्ठी उजवीकडे गेली की टाळ्या. खोटं कशाला बोलू, त्याने चौथ्या मजल्याचं भलंच केलं. पूर्वी सहा महिने रखडणारी कामं दोन आठवड्यांत हातावेगळी व्हायला लागली, आणि लोक सोमवारीसुद्धा बऱ्या तोंडाने कामावर यायला लागले.

पण झालं म्हणजे कुठे झालं? चौथ्या मजल्यावर. हॉस्पिटलात नव्हे. तिथवर पोहोचवण्याचं काम तळमजल्याचं, आणि तळमजल्यावर किल्लेदार बसायचे.

हेही टोपणनावच. छप्पन्न वर्षांचा माणूस, सर्व्हरच्या गार खोलीत बसून बसून बाराही महिने गळ्यात मफलर. त्यांचा नियम एकच होता. नवीन जे काही आत जाणार ते महिन्याच्या पहिल्या शनिवारी. त्याआधी ब्रह्मदेव आला तरी नाही.

वरच्यांना ते खडूस वाटायचे, आणि होतेच. पण कुणी त्यांना विचारलंय का, की बाबा रे, तू असा का झालास? सहा वर्षांपूर्वी वरच्यांनी 'छोटासाच बदल आहे' म्हणत शुक्रवारी संध्याकाळी काहीतरी खाली ढकललं आणि घरोघर निघून गेले. तिन्ही हॉस्पिटलांचे निरोप पाच तास बंद. किल्लेदारांनी एकट्याने फोन घेतले, एकट्याने शिव्या खाल्ल्या, आणि सोमवारी खापरही त्यांच्याच डोक्यावर फुटलं. "आमचं चुकलं" म्हणायला वरून कुणी उतरलं नाही. भिंगरीसुद्धा नाही. तेव्हापासून किल्लेदारांनी कानाला खडा लावला. महिनाभराचं सगळं काम एका गाठोड्यात बांधून ठेवायचं आणि पहिल्या शनिवारी एकदम आत घ्यायचं. गाठोडं एवढं मोठं, की त्यातलं काहीतरी हमखास बिघडायचं. बिघडलं की किल्लेदार आणखी घाबरायचे आणि दार आणखी घट्ट लावून घ्यायचे. वर सगळे धावतायत आणि खाली कुलूप, असा सगळा प्रकार. दोन्ही मजल्यांचं बोलणं काय ते फॉर्मवर.

तर एक दिवस एका सिस्टरची तक्रार आली, की शुक्रवारी दुपारी लाल निरोप फार उशिरा पोहोचतात. भिंगरीने मुळाशी जाऊन शोधलं. शुक्रवारी तीनच्या ठोक्याला पुढच्या आठवड्याच्या तपासण्यांचे हजारो निरोप एकदम सुटायचे, आणि लाल निरोप मुकाट्याने त्यांच्या मागे रांगेत उभा राहायचा. त्याहून वाईट म्हणजे निरोप रांगेत शिरल्याबरोबर सिस्टरच्या स्क्रीनवर हिरवी खूण यायची. सिस्टरला वाटायचं, पोहोचला. भिंगरीने एका सकाळीत दुरुस्ती केली. लाल निरोपाने रांग मोडून पुढे जायचं, आणि हिरवी खूण निरोप फोनवर पोहोचेल तेव्हाच उमटायची. तिने ते तीनतीनदा तपासलं आणि चिठ्ठी 'झालं'मध्ये लावली. तो मंगळवार होता. पहिला शनिवार अठरा दिवसांवर होता.

पुढच्या सोमवारी आईला न्यूमोनिया झाला म्हणून त्या तिन्हींपैकी एका हॉस्पिटलात ठेवलं. ऑफिसपासून चार चौक, झपाझप चाललं तर दहा मिनिटं. नातेवाइकांच्या रकान्यात एकच नंबर, भिंगरीचा. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, आठवड्याभरात घरी न्या.

मंगळवारी ती तळमजल्यावर गेली होती. हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

"किल्लेदार, ती लाल निरोपाची दुरुस्ती तेवढी आधी सोडता का?"

"फॉर्म भरा, मॅडम. साहेबांची सही आणा. मग समिती बघेल."

"चार ओळी आहेत हो."

"मागच्या वेळीही चारच होत्या," किल्लेदार म्हणाले आणि परत स्क्रीनकडे वळले.

माझी आई तिथे हॉस्पिटलात आहे, एवढं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण या माणसापुढे आईचं आजारपण शिफारसपत्रासारखं ठेवायचं? तिचं डोकं फिरलं. "राहू द्या," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली. फॉर्म तिने भरला नाही. डॉक्टर तर ठीक म्हणतच होते.

शुक्रवारी सकाळी ती आईकडे जाऊन आली. आई उशीला टेकून केस विंचरत बसली होती. चेहरा उतरला होता, पण डोळे टवटवीत.

"आज तुझा तो दाखवण्याचा शुक्रवार ना?"

"हो. तीनला सुरू होईल. चारपर्यंत येते मी."

"सावकाश ये. मी कुठे पळून चाललेय?"

तीन वाजता चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात वीस माणसं जमली. भिंगरीने आधीच सांगून टाकलं, आई हॉस्पिटलात आहे, फोन वाजला तर मी उठणार. फोन लॅपटॉपशेजारी, आवाज पूर्ण वर. मग तिने सरावाच्या यंत्रणेवर तीन हजार साधे निरोप सोडले आणि त्यांच्या मागून एक लाल. टेबलावर ठेवलेला सरावाचा फोन दोन सेकंदांत वाजला. साहेबांनी मान डोलावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, परत दाखव. तिने परत दाखवलं. मध्ये तीनदा तिने स्वतःच्या फोनकडे पाहिलं. फोन गप्प होता, म्हणजे तिकडे सगळं ठीक होतं; दाखवतेय ती दुरुस्ती तिकडे अजून गेलेलीच नाही, हे टाळ्यांच्या नादात तिच्या ध्यानात राहिलं नाही.

तीन एकोणपन्नासला तो वाजला. वॉर्डातल्या सिस्टर बोलत होत्या.

"तुम्ही अजून आला नाहीत?"

"यायचं होतं? का?"

"निरोप पाठवलाय ना मी तुम्हाला. मघाशीच पाठवला." मग त्यांचा आवाज पडला. "या तुम्ही. लवकर या."

ती धावली. लॅपटॉप तसाच उघडा, पडद्यावर तिचंच नाव. दुसऱ्या चौकात हातातला फोन थरथरला, तिने बघितलं नाही. कुणाला धक्का लागला, कुणी मागून ओरडलं, तिला काही कळलं नाही. वॉर्डात पोहोचली तेव्हा पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. आई तीन एक्केचाळीसला गेली होती.

हात अजून पुरता गार झाला नव्हता. भिंगरीने तो धरला आणि धरूनच बसली. आता धरून काय उपयोग, हे तिला कळत होतं, तरी सोडवेना. सिस्टर काही सांगायला आल्या होत्या, पण पलीकडच्या पलंगावरून हाक आली आणि त्यांना जावं लागलं.

संध्याकाळी घरी मावशी आली. आईची धाकटी बहीण, आईसारखंच नाक, आईसारखाच आवाज.

"तुला कळवलं नव्हतं का गं कुणी?"

"कळवलं होतं," भिंगरी म्हणाली.

"मग?"

यंत्रणा, रांग, पहिला शनिवार, हे सगळं मावशीला कुठल्या तोंडाने सांगायचं? मावशीने परत विचारलं नाही. पण त्यानंतर ती भिंगरीच्या शेजारी बसेना, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागली. घरात चार माणसं आली तरी तिथूनच नमस्कार करायची.

दुसऱ्या चौकात थरथरलेला निरोप भिंगरीने तिसऱ्या दिवशी उघडला. 'आपल्या रुग्णाची प्रकृती गंभीर आहे. ताबडतोब या.' पाठवला तीन वाजून चार मिनिटांनी, पोहोचला तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी. तिने हिशेब करून पाहिला, आणि मग रोजच करत राहिली. तीन चारला निरोप, तीन चौदाला ती वॉर्डात. सत्तावीस मिनिटं मिळाली असती. सत्तावीस मिनिटं आईचा हात हातात राहिला असता.

बाराव्या दिवशी ती ऑफिसला गेली ती थेट तळमजल्यावर. काय काय बोलायचं ते तिने वाटेत घोकलं होतं. तुमच्या शनिवारापायी माझी आई एकटी गेली, इथून सुरुवात करायची होती.

किल्लेदार तिला बघून उठून उभे राहिले. मफलर काढून हातात घेतला, परत गळ्यात घातला.

"त्याच संध्याकाळी सोडली मी दुरुस्ती," ते म्हणाले. "कळलं तेव्हा निरोपांची यादी काढली. त्यात तुझा नंबर दिसला. फॉर्म नाही, सही नाही, कुणाला विचारलंही नाही. चार मिनिटं लागली."

"चार मिनिटं," भिंगरी म्हणाली.

"तू बोल. जे बोलायला आलीस ते बोलून टाक."

घोकलेलं सगळं तिने बाजूला ठेवलं. "मंगळवारी मी सांगितलं असतं," ती म्हणाली, "की माझी आई तिथे आहे, तर सोडली असतीत?"

त्यांनी हो म्हणून टाकायला हरकत नव्हती. माणूस असाच असतो, अशा वेळी पटकन हो म्हणतो. पण त्यांनी मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "फॉर्मच मागितला असता बहुतेक. खोटं नाही बोलणार तुझ्याशी."

मग मात्र ती खाली बसली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडली. किल्लेदारांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि भिंतीला टेकून तेही जमिनीवर बसले. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी मी खाली यायला हवं होतं. त्या सोमवारी. चूक आमचीच होती, मला माहीत होतं."

"यायला हवं होतंस," किल्लेदार म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

मग कामाची तऱ्हा बदलली. आता बदलायला काय जातंय. फळा चौथ्या मजल्यावरून काढून खाली आणला आणि दोन्हीकडची माणसं एका खोलीत बसायला लागली. ज्याने बदल लिहिला त्यानेच तो हॉस्पिटलपर्यंत न्यायचा, आणि बिघडला तर त्यानेच थांबायचं, खाली ढकलून घरी पळायचं नाही. तपासणी माणसाऐवजी मशीन करायला लागलं. त्या तपासण्या किल्लेदारांनीच लिहून दिल्या, कारण काय काय कसं कसं बिघडतं हे त्यांच्याइतकं कुणी भोगलेलं नव्हतं. गाठोडं गेलं. रोज थोडं थोडं आत जायला लागलं, आणि थोडं असल्यामुळे बिघडेनासं झालं. फळ्यावर 'झालं'च्या पुढे आणखी एक रकाना आला, 'पोहोचलं'. टाळ्या आता तिथे.

साहेबांनी या सगळ्याला डेव्हऑप्स म्हणायचं ठरवलं आणि एक भाषण ठोकलं. अजाइलने आपण भराभर घडवायला शिकलो, ते म्हणाले, पण घडवलेलं भराभर आणि सुखरूप पोहोचवणं म्हणजे डेव्हऑप्स, आणि एकाशिवाय दुसरं लंगडं. शब्दन् शब्द खरा होता. मागच्या रांगेत बसलेल्या भिंगरीला मात्र तो खरेपणा सहन होईना. एवढं सोपं होतं, तर आई असताना कुणाला का सुचलं नाही? मला का सुचलं नाही? टाळ्या सुरू व्हायच्या आत ती उठून बाहेर गेली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

नव्या पद्धतीत आणखी एक नियम होता. दर महिन्याला एकाने वॉर्डात जाऊन सिस्टरांच्या शेजारी दिवसभर बसायचं, यंत्रणा त्यांच्या हातात कशी चालते ते बघायचं. भिंगरीने आपली पाळी दोनदा दुसऱ्यावर ढकलली. तिसऱ्यांदा किल्लेदार म्हणाले, "मी जातो हवं तर." ती म्हणाली, "नको, जाते मी."

वॉर्ड तोच, सिस्टर त्याच. आईच्या पलंगावर कुणी अनोळखी बाई झोपली होती. सिस्टरांनी भिंगरीला लगेच ओळखलं, खुर्ची दिली, स्क्रीन दाखवली. हल्ली हिरवी खूण यायला दोन सेकंद लागतात पण नातेवाईक खरंच येतात, असं त्या कौतुकाने म्हणाल्या. भिंगरी वहीत लिहून घेत होती. दुपारी वॉर्ड जरा शांत झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी गडबडीत सांगता आलं नाही."

भिंगरीचं पेन थांबलं.

"तुमच्या आईंना धाप लागली होती, पण शुद्धीवर होत्या. म्हणाल्या, मुलीला बोलवा. मी बटण दाबलं. त्यांना बरं वाटावं म्हणून स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवली, म्हटलं, हे बघा आजी, हिरवं झालं, गेला निरोप. तर हसल्या हो. म्हणाल्या, माझ्या भिंगरीनेच केलंय ते, मग येईलच ती."

सिस्टरांनी त्या पलंगाकडे एकदा पाहिलं.

"नंतर वीस मिनिटांनी मी म्हटलं, फोन करून बघू का? तर मला थांबवलं त्यांनी. नको म्हणाल्या. ती निघाली असेल, वाटेत फोन करू नका, बोलता बोलता गाडीखाली येईल. आणि दाराकडे बघत राहिल्या. शेवटपर्यंत दाराकडेच बघत होत्या. मी तुमची वाट बघून बघून मग फोन केला, पण..." त्यांनी भिंगरीच्या दंडावर हात ठेवला. "वाटेत गर्दी लागली असेल ना तुम्हाला? मी त्यांना तेच सांगत होते, की गर्दी असते या वेळी."

एक 'हो' म्हणायचं होतं. सिस्टरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की त्यांनाही तेच ऐकायचंय. भिंगरीने वही मिटली.

"नाही," ती म्हणाली. "मी निघालेच नव्हते, सिस्टर. तुमचा निरोप आमच्या तळमजल्यावर अडकला होता, मी जिथे उभी होते त्याच्या बरोब्बर खाली. आणि वर माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या."